घर, साडी आणि न आलेलं हसू

आमच्या नाशिकच्या घरात 'अशी ही बनवाबनवी' कुणी मुद्दाम लावत नाही. चॅनेल बदलता बदलता तो सापडतो आणि मग रिमोट खाली ठेवला जातो. बाबा पेपर वाचत असतात, पण पुढचा संवाद टीव्हीच्या आधी त्यांच्या तोंडून येतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "सरपोतदार आले का? मला बोलवा." मी जन्मायच्या नऊ वर्षं आधी, २३ सप्टेंबर १९८८ रोजी, हा पिक्चर लागला होता. तरी त्यातलं कोण कुठे फसणार आहे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

हा पिक्चर एका जुन्या हिंदी पिक्चरवर बेतलेला आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. 'बीवी और मकान', साल १९६६. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार, गाणी गुलजारांची, आणि पडद्यावर मेहमूद. ही नावं वाचून मी मनाशी म्हटलं, मूळ तर किती भारी असेल! एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी तो फोनवरून टीव्हीवर लावला. आई, बाबा, मी आणि सुट्टीला आलेली मामेबहीण असे चार जण बसलो.

पहिली पंधरा मिनिटं सगळे हसायच्या तयारीत होते. मग बाबांनी विचारलं, "हाच ना तो?" मध्यंतरापर्यंत आईने मेथी निवडायला घेतली होती. मामेबहीण फोनमध्ये गेली होती. शेवटी मी एकटाच बघत होतो, तेही मीच लावला म्हणून.

पुढच्या रविवारी मी हट्टाने याच गोष्टीचा नवा हिंदी अवतार लावला. 'पेइंग गेस्ट्स', साल २००९. यात आपला श्रेयस तळपदे, जोडीला जावेद जाफरी, जॉनी लिव्हर. या वेळी बाबा अर्ध्या तासात उठून चक्कर मारायला गेले.

गोष्ट तीच आहे. राहायला जागा हवी, घरमालकाला फक्त लग्न झालेली जोडपी चालतात, म्हणून मित्रांपैकी दोघं बायकांचे कपडे घालून 'बायको' होतात. मधला पिक्चर महाराष्ट्राचा घरचा माणूस झाला आणि आधीचा-नंतरचा कुणाच्या लक्षातही नाही. असं का झालं?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादा प्रोग्राम एका मशीनवर नीट चालतो आणि दुसऱ्यावर कोसळतो, तेव्हा आम्ही प्रोग्रामला शेवटी हात लावतो. आधी बघतो, त्या मशीनवर वेगळं काय आहे. इथेही मी तेच करायचं ठरवलं.

सगळ्यात मागे गेलं तर आपण कलकत्त्याला पोचतो. शैलेश दे यांच्या कथेवर १९५५ साली 'जय माँ काली बोर्डिंग' नावाचा बंगाली पिक्चर आला. त्यात भानू बंदोपाध्याय होते. भानू मूळचे पूर्व बंगालचे, आणि तिकडच्या बोलीतल्या विनोदासाठीच ते प्रसिद्ध होते. ही बोली १९५५च्या कलकत्त्यात कानावर पडणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं. फाळणीला आठ वर्षं झाली होती. पूर्व बंगालमधून आलेली लाखो माणसं त्या शहरात जागा शोधत होती. एका खोलीत चार-पाच जणांनी राहायचं आणि खानावळीत जेवायचं, हे तिथल्या नोकरदार एकट्या पुरुषाचं नेहमीचं आयुष्य होतं. 'डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून माणूस काय काय करेल' हा प्रश्न त्या थिएटरातल्या बऱ्याच प्रेक्षकांना घरून निघतानाच पडलेला असणार.

म्हणजे माझं पहिलं अनुमान तयार झालं. जिथे जागेची टंचाई खरी, तिथे हा विनोद चालतो. २००९चा 'पेइंग गेस्ट्स' घडतो थायलंडमधल्या पटायात. आता समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या चकचकीत शहरात या पोरांना घर मिळालं नाही तर काय होईल? फार तर विमानाचं तिकीट काढून परत येतील. टंचाई नाही, म्हणून भीती नाही, म्हणून हसू नाही. समीक्षकांनीही त्याला तेव्हा चांगलंच झोडपलं होतं.

पण हे अनुमान १९६६पाशी येऊन अडकतं. कारण तेव्हाच्या मुंबईत जागेची टंचाई नव्हती, असं कोण म्हणेल? त्याच्या अकरा वर्षं आधी 'श्री ४२०'मध्ये राज कपूर गरिबांना शंभर रुपयांत घर देण्याच्या थापा मारत होता आणि लोक रांगा लावत होते. १९७० साली राजा ठाकूर यांनी मराठीत 'मुंबईचा जावई' केला. त्यात नव्या जोडप्याला घरात एकांत मिळत नाही, एवढीच अडचण आहे, आणि तेवढ्यावर अख्खा पिक्चर उभा राहतो. तो इतका खरा होता की बासू चटर्जींनी १९७२ साली त्याचा हिंदीत 'पिया का घर' केला. मग मुंबईच्या प्रेक्षकाला घराची भीती माहीत असताना 'बीवी और मकान' का पडला?

दिग्दर्शकाला विनोद जमत नव्हता, असंही नाही. याच हृषीदांनी पुढे 'चुपके चुपके' (१९७५) आणि 'गोलमाल' (१९७९) केले. त्यातही एक थाप मारायची आणि ती निस्तरायला दहा मारायच्या, हाच खेळ आहे. मेहमूदची तर तेव्हा चलती होती. त्याच १९६६ साली त्याचा 'प्यार किये जा' आला, आणि त्यातल्या कामासाठी त्याला विनोदी अभिनयाचं फिल्मफेअर मिळालं.

इथे एक गंमत आहे. 'प्यार किये जा' हा १९६४च्या 'कादलिक्क नेरमिल्लै' या तमिळ पिक्चरचा रिमेक. त्याच गोष्टीवरून महेश कोठारे यांनी १९८५ साली 'धूमधडाका' केला. म्हणजे १९६६ सालच्या मेहमूदच्या दोन विनोदी हिंदी पिक्चरांपैकी एक चालला, एक पडला. वीस-बावीस वर्षांनी दोन्ही गोष्टी मराठीत आल्या, दोन्हींत अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे होते आणि दोन्ही तुफान चालल्या. मग अशोकमामा आणि लक्ष्या असले की काहीही चालतं, असं म्हणून विषय संपवायचा का? नव्वदच्या दशकातले या दोघांचे काही पिक्चर दुपारच्या वेळी टीव्हीवर लागतात. ते बघा. दोघं जीव तोडून काम करताना दिसतात आणि हसू काही येत नाही.

तेव्हा नट सोडू, टंचाईही थोडी बाजूला ठेवू आणि साडीकडे येऊ. पुरुषाने साडी नेसली की लोक हसतात, असं आपण धरून चालतो. ते किती खरं आहे?

याचं उत्तर आमच्या नाशिकातच आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. शाळेत असताना पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात आमची सहल जायची आणि आमचं सगळं लक्ष कारंज्यांकडे असायचं. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत केल्यावर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि पुढचे पिक्चर इथे केले. पहिल्या पिक्चरसाठी त्यांना बाई मिळाली नव्हती. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. एकाच माणसाने! लोकांनी हसायला हवं होतं. पण पडद्यावर राम-सीता आले की प्रेक्षक हात जोडायचे, असं सांगतात. बालगंधर्वांचं तर बोलायलाच नको. त्यांच्यासारखी साडी नेसायची म्हणून घरंदाज बायका त्यांच्याकडे बघून शिकत होत्या.

म्हणजे साडी नेसलेला पुरुष मुळातच विनोदी असतो, हे खरं नाही. 'लंकादहन'मध्ये कुणीच फसत नव्हतं. साळुंके पुरुष आहेत, हे प्रेक्षकाला माहीत होतं, पण गोष्टीत ती सीताच होती. साडी विनोदी व्हायला तीन गोष्टी लागतात. ती नेसायला सबळ कारण हवं. गोष्टीच्या आत कुणीतरी फसत असायला हवं, आणि ते आपल्याला माहीत हवं. तिसरी गोष्ट म्हणजे उघडं पडलो तर मोठी किंमत मोजावी लागेल, ही धास्ती हवी. ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आन्ट' हे १८९२ सालचं इंग्रजी नाटक या तिन्हींवर उभं आहे. त्यावरूनच आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' आली आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती पुन्हा घरोघरी पोचवली. 'बनवाबनवी'चा प्रेक्षक या मावशीला ओळखणारा होता.

जाता जाता अजून एक. फाळक्यांनी एक छोटा विनोदी पिक्चरही केला होता, 'पिठाचे पंजे'. १९१४च्या जानेवारीत तो 'मोहिनी भस्मासुर'बरोबर दाखवला गेला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई होत्या, म्हणजे बाईच्या भूमिकेत खरी बाई पहिल्यांदा आली ती याच खेळात. सोबत प्रेक्षकांना हसवायला पिठाचे पंजे. लोक हसले असतील का, हा प्रश्न मला फार छळतो. विनोदाचं हेच वाईट असतं. हसणाऱ्यांचं जग गेलं की रीळ मिळाली काय अन् न मिळाली काय.

तर आता पुण्यातल्या त्या घराकडे जाऊ. 'फक्त जोडप्यालाच जागा देणार' ही लीलाबाई काळभोरांची अट आपण पिक्चरमधली गंमत म्हणून घेतो. पण त्या अटीमागे चाळीस वर्षांचा कायदा आहे.

१९४७ साली मुंबई राज्यात भाडेनियंत्रण कायदा आला. महायुद्धाच्या काळात शहरांत गर्दी वाढली होती, भाडी वाढत होती, माणसं रस्त्यावर येत होती. म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते प्रमाण धरून भाडी गोठवली गेली. भाडेकरूला सहजासहजी काढताही येणार नव्हतं. हेतू चांगलाच होता. पण सगळ्या वस्तूंचे भाव वाढत गेले आणि भाडं तिथेच राहिलं. माझे आजोबा जुन्या नाशकात एका वाड्यात भाडेकरू होते. त्यांचं महिन्याचं भाडं अठरा रुपये होतं. बाबा नोकरीला लागले तेव्हा अठरा, बाबांचं लग्न झालं तेव्हाही अठरा. मालक दर पावसाळ्यात म्हणायचा, "अठरा रुपयांत कौलं बदलू का भिंत बांधू?" आणि आजोबा म्हणायचे, "बाहेर जाऊन कुठे राहू?" दोघांचंही बरोबर होतं. शेवटी एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि दोघांचा प्रश्न एकदमच सुटला. जुन्या नाशकात पावसाळा आला की धोकादायक वाड्यांना अजूनही नोटिसा लागतात. त्यातल्या कित्येकांची कथा हीच आहे.

मग मालकांनी काय केलं? 'भाडेकरू' हा शब्दच टाळला. करारावर 'परवाना' असं लिहायचं, म्हणजे माणूस भाडेकरू ठरत नाही. त्यावर १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे कुणी असे परवान्यावर राहत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. एका रात्रीत! ज्यांनी विश्वासाने खोली दिली होती, ते मालक हबकले. त्यानंतर अनेकांनी रिकामी खोली रिकामीच ठेवणं पसंत केलं. ज्यांनी दिली, त्यांनी माणूस पारखून दिली.

पुण्यात याला अजून एक पदर आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली आणि नदीकाठचे वाडेच्या वाडे गेले. त्यानंतर शहर वाढत गेलं, कॉलेजं आणि कारखाने वाढले, गावोगावची पोरं येत राहिली. १९८८ साली थिएटरात बसलेल्या माणसाला घरमालक म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. तो एक तर घरमालक होता, नाही तर भाडेकरू.

पण टंचाई मुंबईतही होती, हे आपण आधीच मान्य केलंय. मग १९८८मध्ये वेगळं काय झालं? माझं उत्तर आहे, आडनावं. आणि सत्तर रुपये.

'बीवी और मकान' बघताना माझ्या लक्षात आलं की यातली माणसं कुठलीच नाहीत. हिंदी सिनेमातल्या मुंबईत राहणारी, हिंदी सिनेमाची भाषा बोलणारी. त्यांचं गाव, जात, बोली, पगार, काहीच टोचत नाही. बिस्वजीत साडी नेसतो तेव्हा एक देखणा हीरो साडी नेसतो. त्याचं काही बिघडेल, असं वाटत नाही, कारण हीरोचं कधीच काही बिघडत नाही. साडी नेसल्यावर हसायचं असतं, असं धरून तो पिक्चर थांबतो आणि आपली वाट बघतो. आपण त्याची वाट बघतो. मध्ये गाणं येतं.

आता 'बनवाबनवी' घ्या. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, निर्माते किरण शांताराम. पण माझ्या मते चावी लेखकाकडे आहे. वसंत सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य लिहिणारा माणूस. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' (१९७१) त्यांनीच लिहिला. समोर बसलेला प्रेक्षक कोणत्या गावचा आहे, हे ओळखून बोलायचं, हे वगनाट्याचं पहिलं काम. सबनीसांनी कलकत्त्याची गोष्ट उचलली आणि तिच्यातल्या प्रत्येकाला आडनाव दिलं. सरपोतदार म्हटलं की पुण्यातला एक घरमालक मापासकट उभा राहतो. तो कसा बसत असेल, कुठल्या आवाजात भाडं मागत असेल, हे सुधीर जोशींनी तोंड उघडायच्या आधीच आपल्याला कळतं. काळभोर म्हटलं की लोणी काळभोर आठवतं, जमीनजुमला आठवतो, बंगला आठवतो. माने म्हटलं की गावाकडून येऊन शहरात टिकून राहिलेला, पगारावर जगणारा माणूस. मराठी प्रेक्षक आडनावावरून अख्खा माणूस वाचतो. ही आपली फार चांगली सवय नाही. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आणि सत्तर रुपये. सरपोतदारांच्या मधुमेहाच्या औषधाचे ते पैसे, ज्यांवरून धनंजय माने थाप मारतो, त्यावरचे मीम तुम्हाला महिन्यातून एकदा तरी येत असतील. तो विनोद चालतो, कारण तेव्हा सत्तर रुपये ही थाप मारण्याएवढी मोठी रक्कम होती आणि थाप मारली म्हणून तुरुंगात जाण्याएवढी मोठी नव्हती. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातलं सगळं नातं त्या सत्तर रुपयांत मावतं. सबनीसांना किंमत माहीत होती. पटायात सत्तर रुपयांना काय येतं?

तिसरी गोष्ट म्हणजे साडी इथे काम करते. लक्ष्याची पार्वती ही धनंजयची बायको, सचिनची सुधा ही शंतनूची. एकदा नेसली की हळदीकुंकवाला बसावं लागतं, लीलाबाईंची माया सोसावी लागते, पार्वतीचं तर डोहाळेजेवणही होतं. खोटं बोलणं सोपं असतं, खोट्यात नांदणं अवघड असतं, आणि विनोद त्या नांदण्यात आहे. त्या डोहाळेजेवणाचं गाणं आज खऱ्या डोहाळेजेवणांत वाजतं. माझ्या वहिनीच्या कार्यक्रमातही वाजलं. हे गाणं मिशी काढलेल्या लक्ष्यासाठी आहे, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. एखादा पिक्चर किती खोल गेला, याचं याहून मोठं प्रमाणपत्र मला तरी माहीत नाही.

इथवर माझा हिशेब जुळला होता. २००९चा पिक्चर पडला कारण त्यात भीती नाही. १९६६चा पडला कारण त्यात भीती आहे, पण ती कुणाचीच नाही. १९८८मध्ये भीतीला पत्ता होता. हा लेख मी इथेच संपवणार होतो.

पण मधल्या काळात कायदा बदलला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. परवान्याचा करार नोंदवायचा आणि मुदत संपली की जागा सोडायची. अकरा महिन्यांच्या कराराची आज आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यामागे पन्नास वर्षांची भांडणं आहेत, हे लक्षातही येत नाही. मालकाची जुनी भीती गेली. भाडेकरू आता घर बळकावू शकत नाही. मग 'फक्त फॅमिली' ही अटही जायला हवी होती ना?

२०१९ साली इंजिनीअरिंग संपवून आम्ही चार मित्र पुण्यात नोकरीला लागलो आणि फ्लॅट शोधायला लागलो. आठ ठिकाणी 'बॅचलर चालत नाहीत' ऐकल्यावर एका मालकाला आम्ही सांगितलं की आईही सोबत राहणार आहे. मी आईला नाशिकहून बोलावलं. ती कुकर, मसाल्याचा डबा आणि देवाचा फोटो घेऊन आली. आठ दिवस राहिली, मालकांना पोहे खाऊ घातले, करार झाला आणि "यांच्या जेवणाचे हाल होतात हो" म्हणून परत गेली. पुढे वर्षभर मालक जिन्यात भेटले की विचारायचे, "आई कधी येणार?" आणि आम्ही आईला नवनवीन आजारी नातेवाईक पैदा करत राहिलो. हा किस्सा मी फार रंगवून सांगतो. ऑफिसात सांगितलाय, लग्नांत सांगितलाय.

त्यात एक गोष्ट मी कधी सांगत नाही. त्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच राहिलो. करार करताना मालकांनी चौघांची पूर्ण नावं विचारली. चौथं नाव ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तिघंच राहा. चौघांना पाणी पुरणार नाही." पाण्याचं कारण कुणालाच खरं वाटलं नाही. आमचा मित्रही काही बोलला नाही. "मी बघतो माझं," म्हणाला. त्याला तीन आठवड्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली मिळाली. आम्ही तिघांनी सही केली. आई त्या दिवशी पोहे करत होती.

गेल्या दिवाळीत तो आमच्या नाशिकच्या घरी फराळाला आला होता. टीव्हीवर अर्थातच तोच पिक्चर होता. लीलाबाई आल्या, आणि कुणीतरी मला म्हणालं, तुमची बनवाबनवी सांग ना. मी सांगितली. नेहमीच्या जागी नेहमीसारखे सगळे हसले. तोही हसला. मग त्याने ताटलीतली चकली उगाचच दोनदा मोडली. पहिल्यांदाच मला तो किस्सा सांगताना शेवट सापडेना. मी "असो" म्हणालो आणि चहा आणायला उठलो.

पुरुषाला बायको होता येतं, रात्री घरी आल्यावर साडी सोडता येते. पिक्चरच्या शेवटी सगळं उघड होतं आणि सगळं माफ होतं. आडनाव संध्याकाळी काढून खुंटीला लावता येत नाही. ज्या आडनावांवर तो पिक्चर मला हसवतो, माणूस वाचायची तीच सवय जिन्यात उभी राहून पाण्याचं कारण देते. याचा दोष सबनीसांना देता येणार नाही. त्यांनी आपल्याला जसे आहोत तसे पकडले, म्हणून तर हसू येतं. पण माझा किस्सा विनोदी व्हावा म्हणून मी त्यातून एक माणूस काढून टाकला होता, आणि तो माणूस समोर बसून चकली मोडत होता.

या जानेवारीत त्याची बदली नाशिकला झाली. जागा बघायला जायचं म्हणून त्याने मला फोन केला. इंदिरानगरला एक फ्लॅट होता, दोन खोल्या, उजेड चांगला. जिना चढताना तो म्हणाला, "तूच बोल, तुझं नाव सांग आधी." मी बेल वाजवली. दार उघडलेल्या काकूंना मी नमस्कार केला आणि सांगितलं की घर याला हवंय. मग त्याचं नाव सांगितलं, पूर्ण. भाडं नंतर विचारलं.

काकू आत गेल्या, काकांशी काहीतरी बोलल्या. आम्ही दोघं दारात उभे होतो. आतून टीव्हीचा आवाज येत होता. कुठला पिक्चर होता, ते कळत नव्हतं.

"चपला तिथेच काढा," काकू आतून म्हणाल्या, "आणि या आत. पाणी संध्याकाळी साडेसहाला येतं, तासभरच असतं, ते आधीच सांगते."

पाणी म्हटल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी तो हसला.